आप्पांच्या गाठीचा आकडा

२६ नोव्हेंबर २००७

आप्पांचा आकडा आला. उच्च धोका.

नियमाप्रमाणे कुठला नमुना कोणाचा हे मला कळता कामा नये. पण आप्पांच्या पोटातून काढलेला गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत मीच आणला, त्यावर क्रमांकही मीच घातला.

काम असं – पेशी साखर आणि चरबी कशी वापरते हे ठरवणारी एकतीस जनुकं. जठराच्या कॅन्सरच्या गाठीत त्यांतली कुठली किती जोरात चालू आहेत ते मोजायचं आणि रुग्ण किती जगेल याचा अंदाज बांधायचा. उच्च धोक्याच्या गटातले आमचे निम्मे रुग्ण सव्वा वर्षात गेले. आप्पा त्या गटात जवळजवळ सगळ्यात वर.

मी घरी आले. रसम-भात जेवले. चव लागली.

२७ नोव्हेंबर

कोणाला सांगितलं नाही.

२ डिसेंबर

कनका आत्या वेंकटच्या घरच्यांना घेऊन आली. पुन्हा! ऑगस्टमध्ये या स्थळाला मी नाही म्हटलं होतं. वेंकट इथेच शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये आहे. वाईट नाही. मी माझं काम सांगायला लागले तर मध्येच म्हणाला, म्हणजे शेवटी कॉम्प्युटरच ना.

आज हो म्हटलं.

आत्या खूश. म्हणाली, पुण्यात एम.एस्सी. करून आलीस तेव्हापासून आमच्या तंजावरी मराठीला हसतेस, आज पहिल्यांदा शहाण्यासारखं बोललीस.

आप्पांना माझं लग्न बघायचंय. ते गेले तर वर्षभर घरात कार्य नाही, आणि नंतर बघायला ते नाहीत. संक्रांतीला सुरू होणाऱ्या तै महिन्यातला मुहूर्त निघाला – २७ जानेवारी.

अम्मा रडली. मी कपबशा उचलल्या.

११ डिसेंबर

डॉक्टर म्हणाले, टाके भरलेत, याच महिन्यात कीमो सुरू करा. आप्पा ऐकेनात.

"होमापुढे बसून ओकू काय? कन्यादान होऊ दे. मग टोचा हवं तेवढं."

अम्माने माझ्याकडे पाहिलं – या घरात कॅन्सरमधलं कळणारी मी एकटी. आकडा खरा असेल तर औषधाने फार फरक पडणार नाही, असं मनातच म्हटलं. मग शेवटचे बरे महिने का घालवा?

१९ डिसेंबर

टी. नगरला साड्या. अम्मा एकेक उलगडून दाखवत होती, मी प्रत्येकीला बरी म्हणत होते. "कण्णा, बाळा, लग्न तुझं आहे," ती म्हणाली.

परत येताना पानगल पार्कपाशी ऑटो अडकली. हलेना. ऑपरेशनच्या दिवशीही अशीच अडकली होती – दिवाळीच्या खरेदीची गर्दी, मांडीवर बर्फाचा डबा, आत आप्पांचा तुकडा.

कापलेला तुकडा लगेच मरत नाही. रक्त नाही, हवा नाही, तरी जगायला बघतो. साखर वेगळ्या रीतीने जाळायला लागतो. त्यासाठी नेमकी कुठली जनुकं जागी होतात? आमचीच एकतीस.

अम्मा विचारत होती, मरून रंगाची की हिरवी.

२१ डिसेंबर

सगळे नमुने तपासले. आमच्याच आवारातल्या ऑपरेशन थिएटरमधून आलेले बहुतेक कमी धोक्याचे. बाहेरच्या इस्पितळांतून गाडीने आलेले जवळजवळ सगळे उच्च. तिथले रुग्ण मुळात उशिरा येतात, म्हणून लवकर जातात. आणि त्यांचे तुकडेही आमच्याकडे उशिरा पोचतात. म्हणजे आमचा आकडा बराचसा रस्त्यातला उशीर मोजत होता.

प्रयोगशाळेच्या प्रमुख विद्यालक्ष्मी मॅडमना दाखवलं. या आकड्यावरचा आमचा पेपर गेल्या महिन्यात छापायला पाठवलाय. त्यांनी सगळी यादी पुन्हा पाहिली. मग म्हणाल्या, परत मागव.

आप्पांचा धोका कमी आहे असं नाही. माहीत नाही, एवढंच. पण कीमो लांबली ती माझ्या लग्नामुळे, आणि मी हो म्हटलं ते या आकड्यामुळे.

२३ डिसेंबर

आप्पांना सगळं सांगितलं. आकड्यापासून ऑटोपर्यंत. बँकेतल्या आपल्या टेबलामागे कर्जाचा अर्ज ऐकत असावेत तसे ऐकत होते. मधे एकदाच थांबवलं.

"म्हणजे तू हो म्हणालीस ती मी मरणार म्हणून?"

हो म्हटलं.

"आणि मी समजत होतो, पोरीला शेवटी कोणी आवडला. म्हणून म्हटलं, मधे माझा आजार नको."

आत मिक्सर बंद झाला. अम्मा बाहेर आली नाही.

आप्पा म्हणाले, वेंकटच्या वडिलांना, राममूर्तींना, मी नाही म्हणून सांगतो. कीमोचा दिवस तू ठरव.

२४ डिसेंबर

ठरवला. त्याआधी एक स्कॅन.

२७ डिसेंबर

स्कॅनमध्ये यकृतावर दोन डाग. ऑपरेशनच्या वेळी नव्हते. कीमो उद्यापासूनच, पण आता बरं करण्यासाठी नाही, आयुष्य थोडं लांबवण्यासाठी.

आप्पांनी अहवाल वाचून चष्मा काढला. म्हणाले, राममूर्तींना अजून फोन केलेला नाही. मुहूर्त अजून आहे. बघ.

मी फोन त्यांच्या हातात दिला. राममूर्तींचा नंबर लावून.