आप्पांच्या वामकुक्षीचा पलंग

३ एप्रिल २०१३, सकाळ
निर्णय पक्का. बेडरूमला जुना लोखंडी पलंग घ्यायचा. अँटिक. निवडणुकीआधी आमचे पुढारी आप्पा ज्याच्या घरी जेवून आडवे होतात, तोच आमच्या दूध संस्थेचा चेअरमन होतो. मागचे तिघे असेच झाले. गेल्या वेळी आप्पा जेवले माझ्याकडं आणि झोपायला गेले समोरच्या बद्रीनाथकडं. चेअरमन तोच झाला. कारण माझ्याकडं सतरंजी. एवढं मटण खाऊन असा दगा!

५ एप्रिल
आष्टीला मैनुद्दीनच्या जुन्या सामानाच्या दुकानात गेलतो. पलंग दोन. एक साधा, भक्कम. दुसरा निजामाच्या काळातला म्हणे, उशाला पितळी मोर. दोन्हींवर झोपून पाहिलं. साध्यावर लगेच डोळा लागला. मोराचा पाठीत टोचतो. मोराचाच घ्यायचा. अँटिक म्हटलं की थोडं टोचणारच.

७ एप्रिल, दुपार
पसंतीला चल म्हणायला केशरकडं गेलो. संस्थेच्या चारा छावणीवर महिनाभर ती दोन गायी घेऊन पालात राहते. मी राहणं शोभत नाही, उद्याचा चेअरमन. टँकर यायची वेळ झाली, जमणार नाही म्हणाली. वर आणखी, "तुमीच झोपून बघा. मला इथं पाठ टेकायला सवड न्हाई." बायकोच साथ देत नाही, तर लोकांना काय बोलायचं?

९ एप्रिल
पलंग आला. बदल्यात मैनुद्दीनला कडबा कापायचं मशीन दिलं. गायीच घरी नाहीत, मशीन काय चाटायचंय? पलंग दारातून जाईना, म्हणून दार काढलं. आता दार बसेना. सुतार फोन उचलत नाही. पडदा लावला.

१० एप्रिल
केशरचा निरोप. छावणीत ऊस अख्खा मिळतो, गायी खाईनात, मशीन पाठवा. बघतो म्हणून कळवलं.

१४ एप्रिल, दुपारी अडीच
आप्पा जेवले. आडवे झाले! घोरतायत. मी पडद्याशी उभा राहून माशा हाकलतोय. बद्रीनाथ समोरच्या ओट्यावर बसून सगळं बघतोय. बघ म्हणावं. उद्याच सफारी शिवायला टाकायची.

साडेचार
आप्पा उठले. पलंगाची लई तारीफ केली. मग संस्थेचं रजिस्टर मागवलं. ज्याच्या नावावर दूध, त्यालाच उभं राहता येतं म्हणे. माझ्या नावावर थेंब नाही. कॅन घेऊन रांगेत उभं राहायची मला लाज वाटायची, म्हणून सहा वर्षं दूध केशरच्या नावानं घालायला मीच लावलं होतं. आप्पा म्हणाले, "घर तर हेच हाय ना? केशरबाईचं नाव टाका."
लगेच तिला फोन केला. नाही म्हण, असं स्पष्ट सांगितलं. विचार करते म्हणाली. सव्वीस वर्षांच्या संसारात कधी विचार केला नाही, आजच बरा सुचला! माझ्याच घरात, माझ्याच पलंगावर झोपून आप्पांनी मला कापलं.

२ मे, छावणी
केशर बिनविरोध. तिला आता मीटिंगा, म्हणून गायींजवळ मी. ऊस कोयत्यानं तोडतोय, हाताला फोड आलेत. लेकी फोन करतात, आईचं अभिनंदन करा म्हणतात.

३ मे
चेअरमनचा दौरा झाला. नवी साडी, मागं बद्रीनाथ वही घेऊन. प्रत्येक दावणीशी थांबून अडचणी विचारत होती. माझ्यापाशी आली. काय काय सुनवायचं ते मी सकाळपासून मनात घोकून ठेवलं होतं. तिनं गायींच्या पाठीवरून हात फिरवला, सगळ्यांना विचारलं तेच मला विचारलं. "काही अडचण?"
मी कोयता खाली ठेवला, उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "न्हाई, चेअरमनसाहेब."