डावा कान

४ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

वहिनीचा गुडघा तुझ्या अ‍ॅक्युपंक्चरच्या सुयांनी हलका झाला, वाचून बरं वाटलं. ती तुला इतकं टोचू देते म्हणजे बाई मोठ्या मनाची आहे.

एक सांगायचं होतं. परवा सकाळी उठले तर डावा कान बंद. कापूस कोंबल्यासारखा, आणि आत कुठेतरी मोटर चालू असल्यासारखी घरघर. ह्यांना वाटलं मी मुद्दाम ऐकत नाहीये. सर्दी असेल, नाहीतर मळ. तेलाचे थेंब घातले आहेत.

पंचाईत एवढीच की कोर्टात साक्षीदार माझ्या डावीकडे बसतो. काल एक माणूस आपल्या भाषेत म्हणाला की तो तिथे नव्हता, आणि मी न्यायाधीशांना सांगितलं की होता. त्याच्या वकिलांनी लगेच हटकलं म्हणून निभावलं. मी हसून वेळ मारून नेली. दुभाषी बाईनेच ‘नाही’ गिळावं!

ऑफिसात कुणाला बोलले नाही. आजवर तुझ्या सुयांची केलेली सगळी थट्टा तात्पुरती मागे घेते. कधी येऊ?

माया होती तेवढीच ठेव, वाढवलीस तरी चालेल.
तुझी,
बबडी


७ जानेवारी

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचल्या वाचल्या मेहुण्यांना दुकानात फोन केला. चष्मे बाजूला ठेवून ते तुला आजच डॉक्टरकडे नेणार आहेत. तरी तू दारातून परत फिरणाऱ्यांपैकी, म्हणून लिहूनही टाकतो.

माझ्याकडे आत्ता येऊ नकोस. एका कानाने असं एकाएकी ऐकू येईनासं होणं ही तातडीची गोष्ट असते. आधी कानाचे डॉक्टर, ऐकण्याची तपासणी, आणि ते देतील त्या गोळ्या. जितका उशीर, तितकी कान परतण्याची आशा कमी. तेल बंद कर. बिघाड आतल्या नसेचा असेल तर तेल तिथवर पोचतही नाही.

सुयांचं नंतर बघू, तेही डॉक्टर हो म्हणाले तर. सुईने कान उघडून देतो असं कुणी छातीठोक सांगितलं, तर त्याच्या वाऱ्याला उभी राहू नकोस. मग तो मी का असेना.

सख्ख्या भावाने येऊ नको म्हटलं म्हणून फुगशील. खुशाल फुग, पण दवाखान्याच्या बाकावर बसून.

वहिनी आठवण काढते. आमचा जीव तुझ्यात आहे हे गृहीत धरावे.
दादा


१२ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

फुगले होते, उतरले. तुझं खरं निघालं, नसच.

काचेच्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन लावले. आवाज आला की बटण दाबायचं. डावीकडे काहीच येईना, तर लाजेने मी अंदाजाने दाबत सुटले. तपासणाऱ्या मुलीने यंत्र थांबवलं, आत आली, आणि माझा हात धरून म्हणाली की इथे कुणी नापास होत नाही. तेव्हा मात्र रडू आलं.

गोळ्या सुरू केल्या. कान परत येईल का, हे डॉक्टर सांगू शकत नाहीत. सुयांचं विचारलं. म्हणाले की त्यांची खात्री नाही, पण गोळ्या चुकवणार नसाल तर हरकत नाही.

आता तरी येऊ ना? ऑफिसात थंडीताप सांगून रजा टाकली आहे.

हे नमस्कार सांगतात, मोठ्याने.
बबडी


२० फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

घरी सुखरूप पोचले. तुझा तो खिडकीजवळचा पलंग अजून आठवतो. कानापुढे सुई लावताना मी तोंड उघडं ठेवायचं, तर माझ्याबरोबर तूही आ वासायचास. पहिल्या दिवशी हसू दाबताना सुई हलली आणि तू ओरडलास. पण कान गेल्यापासून शांत झोप लागली ती तिथेच.

काल पुन्हा तपासणी झाली. डावा कान अर्धा परत आला आहे, आणि घरघर आता लांबच्या पंख्याएवढीच. डॉक्टर म्हणतात गोळ्यांनी असेल, आपोआपही असेल. ह्यांचं मत सुयांना. मी ठरवलंय, सुंदर अक्षरात लिहून देते, तुझ्या दवाखान्याच्या भिंतीवर लाव: भावाने बहिणीचा कान परत आणला.

सोमवारी कामावर जाते. कान एवढा सुधारलाय की कुणाला कळायचंही नाही. न सांगितलं तर चालेल ना?

तुझ्या होकाराची वाट पाहणारी,
बबडी


२३ फेब्रुवारी

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

भिंतीवर काही लावणार नाही. कान कशाने आला हे मला माहीत नाही, आणि माहीत नसलेलं मी रोग्यांना वाचायला देत नाही. तू झोपलीस, एवढं डोळ्यांनी पाहिलं. माझ्या वाट्याला तेवढं पुष्कळ आहे.

न सांगण्याचं म्हणशील, तर कान तुझा आहे. पण साक्षीला बसलेल्या माणसाला तुझ्या कानाखेरीज दुसरा कान नाही.

रागावलीस तरी पत्र टाकत राहा.
दादा


२६ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

रागावले. आणि सांगितलंही.

भर कोर्टात उभी राहिले आणि न्यायाधीशांना म्हटलं की माझा डावा कान अर्धाच चालतो, साक्षीदाराला उजवीकडे बसवावं. वकील एकमेकांकडे बघायला लागले. वाटलं, संपली नोकरी. पण न्यायाधीशांनी शिपायाला बोलावून खुर्ची हलवायला लावली, आणि काम सुरू झालं. दिवसभरात माझा एक शब्द सुटला नाही.

संध्याकाळी त्यांनी मला आपल्या खोलीत बोलावलं. आता लेखी ताकीद मिळणार म्हणून मी गेले. त्यांनी उठून दार लावलं आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं की ती कानाची तपासणी दुखते का.

मी नाही म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही. मग मी टेबलाला वळसा घालून त्यांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले, आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नका.
तुझी,
बबडी