खिडकीतला अडकित्ता

दिवेआगर

तीर्थरूप तात्या,

समुद्राचे फोटो काढून पुरे झाले म्हणून नव्या फोटोसाठी श्रावणात मी माडीवरच्या खिडकीत तुमचा अडकित्ता आणि तीन सुपाऱ्या मांडल्या. कोणी हलवू नये म्हणून खोलीला कुलूप लावलं. हवं तसं ऊन यायला नऊ दिवस लागले.

ते नऊ दिवस तुम्ही घरभर अडकित्ता शोधत होतात. विहंगदादा म्हणाला, "तात्या, हल्ली तुमच्या काही लक्षात राहत नाही." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. सांगितलं असतं तर तुम्ही तो लगेच मागितला असता, म्हणून मी गप्प बसले. दादा तुम्हाला डॉक्टरला दाखवायला पुण्याला घेऊन गेला आणि त्याने तुम्हाला तिथेच आपल्याकडे ठेवून घेतलं.

फोटो चांगला आलाय.

काल तुमचा फोन आला. "अगो इरा, आठवलं. वाडीत पंपाच्या खोलीत ठेवला होता मी. बघ जाऊन."

अडकित्ता माझ्यासमोर खिडकीतच होता. मी म्हटलं, "हो तात्या, तिथेच सापडला."

हे पत्र पाठवलं तर तुम्हाला आठवलेलंच खोटं ठरतं. पाकिटावर पत्ता अजून घातलेला नाही.

फोन ठेवताना तुम्ही म्हणालात, "विहंगला सांग हो, मला आठवतं म्हणून."

सांगितलं.

तुमची,
इरा