गाव आणि गावाची पाटी

सर,

प्रोग्रॅमिंगमधले ॲरे आणि पॉइंटर एकच, असे आज पुन्हा एका विद्यार्थिनीने मला ठामपणे सांगितले आणि तिला उत्तर देताना माझ्या तोंडून तुमचेच वाक्य निघाले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाली आहेत की, लाखनीच्या माझ्या वर्गात ते कोणी ओळखणे शक्य नव्हते. ते तुमचे आहे हे मीही सांगितले नाही; म्हणून येथे नमूद करतो.

साकोलीत महामार्गालगतच्या दुकानांवरची तुमची ती खोली. खालून ट्रक गेला की खिडकीची काच थरथरते. मागे विज्ञान शाखेची मुले बसतात आणि पुढच्या बाकावर मी, दिवसभर कारकुनी करून आलेला एकटा बी.कॉम. तुम्ही फळ्यावर एकमेकांना चिकटून चौकोन काढता. हा ॲरे: भातशेतीत एका बांधीला, बांध घातलेल्या तुकड्याला, लागून दुसरी बांधी असावी, तशी एका आकड्याला लागून दुसऱ्याची जागा. मग जरा दूर एकच चौकोन काढून त्यात पहिल्या बांधीचा पत्ता लिहिता. हा पॉइंटर. दोहोंपैकी कोणाच्याही पुढे क्रमांक लिहिला तरी आकडा तोच हाती येतो, हे मी पडताळून पाहिले होते. तेव्हा उभा राहून मी विचारले, उत्तर एकच येत असेल तर दोन नावे कशाला?

"काहून बी.कॉम., तुया गावाच्या फाट्यावर पाटी हाये ना?"

"आहे, सर."

"मंग रात्री पाटीवर झोपतेस का घरी जाऊन झोपतेस?"

वर्ग हसला. मी हसलो नाही. मी संगणकावर एक ॲरे फंक्शनकडे, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका स्वतंत्र भागाकडे, पाठवला आणि आत गेल्यावर त्याचे माप विचारले. बाहेर संपूर्ण येणारे माप आत एवढेसे आले. मशीन चुकते आहे, असे मी जाहीर केले. तुम्ही खडू झटकत जवळ आलात. "मशीन नाय चुकली, बापू. तुले वाटते तू गाव पाठवलं. तू पाटी पाठवली. पाटीचं माप घेतलं त पाटीचंच येईन ना!" मग आवाज उतरवून, फक्त माझ्यासाठी म्हणून, तुम्ही पुढचे समजावले. पॉइंटरमधला पत्ता पुसून दुसरा लिहिता येतो. ॲरेचे नाव असे उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. नवी जागा घेऊन एकेक आकडा तिकडे उतरवावा लागतो आणि तरीही जो तयार होतो तो दुसरा ॲरे असतो, पहिला नव्हे.

त्या संध्याकाळी मी वर्ग कायमचा सोडणार होतो. जिन्यात तुम्ही मला थांबवून खोलीची किल्ली हातावर ठेवली. "आइतवारी वर्ग रिकामा असते, येऊन बस. कॉमर्सवाल्याले हिशोब जुळल्याबिगर चैन पडत नाय. इथं तेच पाह्यजे." ज्या चिकित्सेमुळे कचेरीत माझी थट्टा होई, तिला तुम्ही गुण म्हटले. माझी भाकरी आज त्या गुणावर चालते. पण कृतज्ञता केवळ तेवढ्यापुरती नाही.

तुमच्यामागे आमचे गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेले. नव्या वसाहतीला जुनेच नाव मिळाले, रस्ते सरळ झाले, फाट्यावर पाटी लागली. घरे मात्र जुन्या क्रमाने आली नाहीत. आईची जन्माची शेजारीण वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला गेली. आता आई फार थकली आहे. दिवस कलला की लुगड्यांचे गाठोडे बांधून ओसरीवर येते. "बाबू, घरी कवा जाऊन राहिलो आपण?" मी दर वेळी शांतपणे समजावीत असे. परवाही समजावले, "माय, हेच आपलं गाव हाये. नाव तेच हाये ना! फाट्यावरची पाटी पाह्यली नाय का तू?" आणि पाटी हा शब्द उच्चारताच मी थांबलो. वर्गातली चूक मी घरी करीत होतो. तिने गाव मागितले होते आणि मी तिला पाटी देत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला पाण्याच्या काठाशी नेले. जाताना तुमचा आणखी एक नियम मनात घोळत होता: मशीनला जागा परत दिल्यावर तिचा पत्ता आपल्याजवळ उरला, तरी त्या पत्त्यावर जाऊ नये, तेथे काय निघेल याचा भरवसा नसतो. नुसते पाणी पाहून ती खचली तर तिला कसे सावरावे, हे मला ठाऊक नव्हते. ती गाडीतून उतरली, डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहत राहिली आणि मग तिने पाण्यातल्या एका नावेकडे बोट उचलले. "तो डोंगा दिसते ना मासे धरणाऱ्याचा? त्याच्या इकडं आपली चूल. बाजूले ढोराइचा कोठा. मंग तुया काकाचं घर." बोट सरकत गेले. एकाला लागून दुसरे, दुसऱ्याला लागून तिसरे, मध्ये एकही घर न गाळता ती पार मारुतीच्या पारापर्यंत पोहोचली. मध्येच म्हणाली, "इथं एक खाट बाहीर राहे, तुया आजाची. कवाबी ओरडे, कुत्रा हाकला म्हणून," आणि एकटीच हसली.

माझ्यासमोर फक्त पाणी होते, सर, आणि तरीही कोणती जागा कोठे संपते ते मला दिसत होते. तुम्ही ते फळ्यावर शिकवले नसते, तर हा म्हातारपणाचा भ्रम म्हणून मी तिला परत फिरवले असते.

मग तिने पदर सारखा केला. "चाल बाबू, घरी जाऊ. भात मांडाचा हाये." एवढे बोलून ती गाडीकडे वळली.

हे पत्र कोठे पाठवायचे नाही, तेव्हा एवढे लिहून ठेवतो. प्रत्येक शब्दाचा नेमका अर्थ विचारल्याशिवाय मी कोणाला पुढे जाऊ देत नाही, हे तुम्ही जाणता. कोणते घर, हे मात्र मी आईला विचारले नाही.