सगळ्यांना जोडलेलं एकच मॉड्यूल

३ मार्च
टीम लीड कोण, ते महिनाअखेरीस ठरणार, असं साहेब म्हणाले. मीच. दुसरं आहे कोण? शेजारच्या टेबलावरची ठिगळबाई (नाव मीच ठेवलंय) खुर्चीच्या नोंदीचा कोड उचलून प्रिंटरच्या नोंदीला चिकटवते, प्रिंटरचा गाडीच्या. उद्यापासून शिस्त.

४ मार्च
आमचं सॉफ्टवेअर कंपन्यांच्या सामानाची नोंद ठेवतं. योजना : सामानाच्या समान सवयी एका मॉड्यूलमध्ये. हलवणं, दुरुस्तीला पाठवणं, पडून राहिलं तर भंगारात काढणं. एकदाच लिहायचं, हवं तिथे जोडायचं. ठिगळबाई म्हणाली, आधी ग्राहकांच्या तक्रारी निपटू या. दूरदृष्टी नाही.

९ मार्च
घोडं मॉड्यूलच्या नावापाशी अडलंय. दिवसभर फळ्यावर बाण काढले. बायकोला सांगितलं, पाया घातला. ती म्हणाली, नमनालाच घडाभर तेल.

१४ मार्च
ठिगळबाईचं तक्रारींचं काम संपलं. घाई नडणार तिला.

१९ मार्च
झालं! खुर्ची, प्रिंटर, गाडी, तिघांना मॉड्यूल जोडलं. मग वाटलं, तिघांनाच का? सगळ्या नोंदी ज्या मुळातून निघतात, त्या मुळाशीच जोडून टाकलं. ठिगळबाईने विचारलं, कर्मचाऱ्यांची नोंदही त्याच मुळातून निघते ना? शंकासूर. टेस्ट उद्या.

२० मार्च
टेस्ट सोमवारी. ग्राहकांकडे मात्र पाठवून दिलं.

२३ मार्च
एका ग्राहक कंपनीचा फोन. त्यांच्या हिशेबनीस बाई आजारपणाच्या रजेवर. त्यांना सिस्टीमची मेल गेली : बराच काळ वापरात नसल्याने आपणांस भंगारात काढण्यात येत आहे. बाई फोनवर रडल्या म्हणे. तत्त्वतः मॉड्यूल बरोबरच चाललं. मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं कळलं.

२४ मार्च
ठिगळबाईने मुळाशी जोडलेलं काढलं, तिघांपुरतं ठेवलं. चहा निवायच्या आत. वर म्हणाली, कल्पना चांगली होती. म्हणजे लीडसाठी तिचंही मत मलाच.

३१ मार्च
लीड ठिगळबाई. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. तिने हळूच विचारलं, तुम्हाला कुठलं काम आवडेल? मी फळ्यावरचे बाण पुसायला घेतले.
घरी बायकोने विचारलं, झालास का लीड? मी हो म्हटलं. ती धावत तिच्या आईला फोन लावायला गेली. उठून थांबवायला हवं होतं. बसून राहिलो. आतून तिचं हसणं ऐकू येत होतं.