जुनीतला पुठ्ठा, नवीतला अंधार

मंगळवार, ४ नोव्हेंबर
पहिली आली गल्लीतली तानाबाई. माझ्या डोळ्यावरची ऑपरेशनची पट्टी सुटून तास झाला नव्हता — आणि ही डाळिंबं घेऊन हजर! डोळ्याचं सोडून पडदे कधी बदलले ते तिनं विचारलं, च्या पिऊन गेली. मग रोशनबी. जयसिंगपूरहून एसटीनं, नात मुबशिराला घेऊन. आमची जुनी शेजारीण ही, गेल्या दिवाळीत लेकाबरोबर तिकडं गेली. मी म्हटलं, "रोशे, पिकलीस की गं!" ती नुसती माझ्या तोंडाकडंच बघत बसली. डोळा बघायला आलीस का दात, म्हटलं.

दिसतंय. हे लिहिलेलं दिसतंय! पाच वर्षं ओळीवर ओळ चढत होती म्हणून वही बांधून ठेवलती. माझ्या आईचे डोळे असेच गेलते. भ्या वाटायचं, पण कुणाला बोललो न्हाय.

बुधवार, ५ नोव्हेंबर
थेंब चारदा. भिंतीवरची पाल दिसली, तिचंबी कौतुक वाटलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
नातीनं, वर्षाराणीनं, टीव्ही लावून दिला. आमच्या अंतराळातल्या जहाजाच्या मालिका. एकाच घराण्यातल्या दोन — जुनीत दाढीवाला कप्तान, नवीत बाई कप्तान. दोन्ही हिंदीत. रोशनबी शेजारी होती तवा रोज संध्याकाळी बघायचो आणि भांडायचो. मी जुनीची. तिच्या पहिल्या सीझनला माणसं टेबलाभोवती बसून नीट बोलत्यात, कुणाला मारायचं, कुणाला सोडायचं. नवीचा पहिला सीझन म्हणजे नुसता अंधार! लाईटबिल वाचवत्यात काय, म्हणायचो. रोशनबी म्हणायची, "तुझ्या जुनीत नुसती तोंडं हलवत्यात. आणि अंधार टीव्हीत न्हाय आक्का, तुझ्या डोळ्यात हाय. दाखव जा." तिच्याच शिव्या खाऊन शेवटी दवाखान्यात गेलो.

आज बघितलं. अगं बाई! नवीत चांदण्याच चांदण्या. बाई कप्तानाच्या गालावर केवढा भाजल्याचा डाग — सबंध सीझन त्या डागाची गोष्ट, आणि मला पत्ता न्हाय! जुनीत कप्तान डोंगराला टेकला तर डोंगरच हलला. पुठ्ठा! दुसऱ्या सीझनला जरा घट्ट बसवलाय.

तरी बोलणं जुनीचंच भारी. ते रोशनबीला कधी कसं आवडलं न्हाय?

शनिवार, ८ नोव्हेंबर
अंधार माझ्याच डोळ्यात होता, हरलो म्हणून सांगायला रोशनबीला फोन केला. नेहमीसारखी मुबशिराच बोलली. हळूच म्हणाली, "दादीला ऐकू येत न्हाय आज्जी. लई दिवस झालं. तुम्हाला सांगू नको म्हणालीय."

तोंडं हलवत्यात! टीव्हीचा आवाज वाढवायची तीच की. चार वर्षं मांडीला मांडी लावून बसलो — मी नुसतं ऐकलं, तिनं नुसतं बघितलं.

मुबशिराला म्हटलं, कान दाखवून आण. न्हाय म्हणाली तर सांग, आक्कानं डोळे दाखवले.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
कानात मशीन बसलं! आज रोशनबी स्वतः फोनवर. मी सवयीनं मोठ्यानं बोललो, तर म्हणाली, "ओरडू नको गं."

रविवारी येणार, सोळा तारखेला. जुनीचा पहिला सीझन लावायचा, पहिल्यापासनं.