चाळीस उलटे चष्मे

४ फेब्रुवारी
पुन्हा चिमणी! मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "जुळणी विभागासारखं काम अख्ख्या कारखान्यात नाही." जुळणी म्हणजे तिथली प्रमुख चिमणी. मी भिंग-घासणीची प्रमुख, वीस वर्षं झाली. फ्रेममध्ये भिंग कसं बसवायचं ते तिला शिकवलं कुणी? मी! टाळ्या मात्र वाजवल्या. हात दुखेपर्यंत वाजवल्या, उगाच कुणी बोट दाखवायला नको.

व्यवस्थापक महिनाअखेर निवृत्त होतायत. ती खुर्ची माझी आहे. माझीच!

९ फेब्रुवारी
चिकटपट्टी मागायचं निमित्त काढून जुळणीत डोकावले. म्हटलं बघू तरी, काय एवढं सोनं लागलंय. भिंतीवर एक फळा. वर मोठ्ठ्या अक्षरात — "माझं चुकलं". ज्याची चूक, त्याने स्वतःच्या हाताने लिहायची. सगळ्यांत वर चिमणीचीच — "काल पंधरा स्क्रू ढिले सोडले." कुणी ओरडत नाही, हसत नाही. उलट जमून विचारतात, कसं काय झालं?

लाज कशी वाटत नाही! आमच्याकडे महिनोन्‌महिने एक चूक नाही. माझ्यासमोर चुकायची कुणाची बिशाद आहे?

१३ फेब्रुवारी
तिने केस कापलेत. तेही शोभतात.

१६ फेब्रुवारी
बाकाखाली बोळा दिसला म्हणून ओढला. फडक्यात गुंडाळलेली एकतीस भिंगं — तडे गेलेली, लपवून ठेवलेली. माझ्या विभागात! विचारलं तर सगळ्यांची दातखीळ बसलेली. शेवटी घासणीवरच्या काकू पुटपुटल्या, "तुम्हाला सांगायचं म्हणजे..." आणि पुन्हा भिंग घासू लागल्या.

घरी ह्यांना म्हटलं, "मी काय वाघीण आहे?" पेपर खाली न घेता म्हणाले, "हो."

२० फेब्रुवारी
खुर्ची मला मिळतेय! मालकांनी बोलावून सांगितलं. आणि माझं नाव सुचवलं कुणी? चिमणीने!

मालक म्हणाले, "त्या फळ्याची कल्पना कुठून आली विचारलं, तर तिने तुमच्याकडे बोट दाखवलं. बारा वर्षांपूर्वी चाळीस चष्मे उलटे गेले होते — डाव्या डोळ्याचं भिंग उजवीकडे. ती तेव्हा शिकाऊ, भिंगं तिने बसवलेली, तिच्यावरच येणार होतं. तुम्ही पुढे होऊन म्हणालात, 'माझं चुकलं.' ती एवढंच म्हणाली, पण खरं काय ते मी आता ओळखलं. शिकाऊ पोरीची चूक अंगावर घ्यायला मोठं मन लागतं, बाई! तेव्हा मी उगाच ओरडलो तुम्हाला."

दुपारी डबा उघडलाच नाही. कसलं मोठं मन? चूक माझीच होती! भिंगावर शाईने 'डा' लिहायचं ते चष्मा घालणाऱ्याच्या डाव्याचं. मी त्या दिवशी फ्रेम समोर धरून माझ्या डाव्याचं लिहिलं. चाळीसच्या चाळीस. बसवल्यावर शाई पुसतात, त्यामुळे पुरावा काही नव्हता. पण ती पोरगी रडायला लागली आणि माझ्या तोंडून निघून गेलं. मग मालकांनी जी हजेरी घेतली! त्यानंतर बारा वर्षांत ते दोन शब्द मी पुन्हा उच्चारले नाहीत.

आणि तेवढ्यावर हिने अख्खा विभाग उभा केला. वर दानशूर होऊन खुर्ची मला देऊन मोकळी! चिडायचीसुद्धा सोय ठेवली नाही मेलीने.

२१ फेब्रुवारी
गप्प बसले तर कुणाला कळणार आहे? उद्या अकराला मालक सगळ्यांना सांगणार. पण ती एकतीस भिंगं काही डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

२२ फेब्रुवारी
साडेदहाला जुळणीत गेले आणि तिच्या फळ्यावर लिहिलं — "बारा वर्षांपूर्वीचे चाळीस चष्मे. कुणाला पाठीशी घातलं नव्हतं. चूक माझीच." खाली नाव. मालक आले, फळा वाचला आणि तसेच आपल्या खोलीत परतले. अकराची सभा झालीच नाही. गेली खुर्ची!

चिमणी हळूच म्हणाली, "माहितेय ताई. पुसायच्या आधी पाहिलं होतं मी, 'डा' तुमच्याच अक्षरातला होता. शाई पुसली गेली होती, तरी तुम्ही बोललात. म्हणून तर फळा."

बारा वर्षं माहीत होतं हिला! येताना तिच्याकडून खडू मागून आणला, घासणीच्या भिंतीसाठी.